अंडर द वेदर म्हणजे वादळ नव्हे

जूनचा दुसरा आठवडा. रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. पाऊस असा लागला होता की तिचं अर्धं बोलणं पडवीच्या पत्र्यावरच वाजत होतं. "दादा, झिल वादळात गावलो रे! मेसेज इलोहा, आणि आता फोन लागत नाय."

भाचा बोटीवर असतो. आमच्या मालवणकडे 'बोटीवर' म्हणजे मर्चंट नेव्हीत. मासे मारायला गेलेला माणूस दर्यात असतो, बोटीवर नसतो.

मी तिला तो मेसेज मला पाठवायला सांगितला. इंग्रजीत एकच ओळ होती: 'आय अ‍ॅम अ बिट अंडर द वेदर, विल कॉल टुमॉरो.' पोराला सर्दी-ताप होता, दुसरं काही नव्हतं. "अगो, त्येका ताप इलोहा, वादळ नाय," असं मी सांगितलं तरी तिचा विश्वास बसेना. वेदर म्हणजे हवामान, ते टीव्हीवर रोज दाखवतात. अंडर म्हणजे खाली. हवामानाखाली सापडलेला मुलगा वादळातच असणार. शब्दकोश उघडून बसलं तर तिचं गणित चुकलेलं नव्हतं. दोन्ही शब्दांचे अर्थ तिला बरोबर ठाऊक होते, फक्त वाक्याचा अर्थ तिसरीकडेच निघाला.

मी अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. दर वर्षी कुणीतरी 'पाचशे इंग्रजी वाक्प्रचार' छापाचं पुस्तक घेऊन येतं आणि विचारतं, सर, हे सगळं पाठ करू का? डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, मधे एक रेघ. पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही जातं आणि जुलैपर्यंत विसरलं जातं. मला वाटतं, किनाऱ्यावरच्या मुलांना त्या रेघेची गरजच नाही. इंग्रजीतले कितीतरी चमत्कारिक वाक्प्रचार म्हणजे खलाशांचं आणि कोळ्यांचं रोजचं बोलणं आहे, वापरून वापरून झिजलेलं. दोर, शीड, नांगर, भरती, सुका मासा हे सगळं आपल्या अंगणात आहे.

पण आधी वाक्प्रचार म्हणजे काय ते आपल्याच भाषेत बघू, कारण आपले वाक्प्रचार आपल्याला विचित्र वाटत नाहीत. 'हात' हा एक शब्द घ्या. आपण हात देतो, हात दाखवतो, हात मारतो, हात आखडतो, हात टेकतो, हात चोळत बसतो आणि एखाद्याच्या हात धुवून मागे लागतो. एखाद्या इंग्रजाला शब्दकोश देऊन हे लावायला बसवा, संध्याकाळपर्यंत तोच हात टेकेल. त्यात शब्द जागचा हलवायची सोय नाही. 'कान फुंकणे' म्हणजे चहाडी करून मन बिघडवणे. 'कानाला फुंकर घालणे' म्हणजे आई बाळाच्या दुखऱ्या कानाला घालते ती. शब्द तेच, जरा इकडचे तिकडे झाले आणि अर्थ गेला. इंग्रजीत 'किक द बकेट' म्हणजे मरणे. बकेटऐवजी बादलीचा दुसरा कुठलाही शब्द घाला, मग कुणी मरत नाही, फक्त पाणी सांडतं.

काही वाक्प्रचारांमागचं चित्र लगेच दिसतं. 'फिश आउट ऑफ वॉटर' कुणाला समजावून सांगायला नको. काहींमागे इतिहास असतो आणि तो माहीत नसेल तर डोकं फोडूनही अर्थ लागत नाही. 'ध चा मा करणे' हे नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाशी जोडलेली गोष्ट माहीत असल्याशिवाय कसं कळणार? आपण एखाद्याचं 'पानिपत झालं' म्हणतो ते १७६१ मुळे. इंग्रज त्याच प्रसंगी 'ही मेट हिज वॉटर्लू' म्हणतो, ते १८१५ मुळे, नेपोलियन तिथे हरला म्हणून. ही जोडी मी वर्गात फळ्यावर लिहितो तेव्हा मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

दोर, शीड आणि भरती

ब्रिटन हे बेट. वाफेची जहाजं येईपर्यंत त्यांचा व्यापार, लढाया, टपाल, माशांचा धंदा सगळा शिडांवर चालला. शेकडो माणसं वर्षानुवर्षं जहाजावर राहायची, तिथलं बोलणं घेऊन बंदरात उतरायची आणि ते बोलणं बाजारात, गुत्त्यात, शेवटी घराघरात पसरायचं. पुढे शिडं गेली, बोलणं राहिलं. आपल्याकडेही पक्षाचं 'सुकाणू' हाती घेणारे पुढारी आयुष्यात कधी होडीत बसलेले नसतात.

देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असंही नाही. आपला 'तांडेल', म्हणजे होडीचा म्होरक्या, इंग्रजी कोशात 'टिंडल' होऊन बसला आहे. मराठा आरमारातल्या 'गुराबा'ला इंग्रज 'ग्रॅब' म्हणत आणि गलबताला 'गॅलिव्हॅट'. कान्होजी आंग्र्यांनी त्यांना हे शब्द चांगलेच पाठ करायला लावले.

'नो द रोप्स' किंवा 'लर्न द रोप्स' यापासून सुरुवात करू. अर्थ: कामातल्या खाचाखोचा माहीत असणे. आपल्या होडीवर दोर किती? बोटांवर मोजण्याइतके. इंग्रज नौसेनापती नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या युद्धनौकेवर सुमारे २६ मैल लांबीचे दोर होते. प्रत्येक दोराला नाव, प्रत्येकाचं काम वेगळं, आणि अमावास्येच्या रात्री वादळात चाचपडत नेमका तोच सोडायचा. नव्या पोराला पहिलं शिक्षण तेच. त्यामुळे कंपनीत साहेब म्हणाला की 'शी विल शो यू द रोप्स', तर ती बाई दोर आणायला जाणार नाही, कामाची रीत दाखवणार आहे.

आता माझा लाडका. 'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे पिऊन झिंगलेला. मुलं याचं भाषांतर करतात, 'तीन चादरी वाऱ्यावर', आणि सगळा वर्ग वाळत घातलेल्या कपड्यांवर हसतो. खरी गंमत अशी की जहाजाच्या भाषेत शीट म्हणजे शीडही नव्हे. शीट म्हणजे दोर, शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा. तो सुटला की शीड वारा धरत नाही, नुसतं फडफडतं. आमच्या वाडीत एक म्हातारे तांडेल आहेत, शिडाच्या होडीचा काळ पाहिलेले. हे दोर म्हणजे काय ते त्यांना सांगितलं आणि विचारलं, असे तीन सुटले तर काय होईल? ते जाळ्याची गाठ मारत होते, वर न बघता म्हणाले, "एक सुटलो तर माणूस धावता. तीन सुटले तर होडीच दारू पिल्यासारी डुलता." त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. जे पुस्तकातल्या उजव्या रकान्यात नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात दिलं.

'बाय अँड लार्ज' म्हणजे एकंदरीत, सर्वसाधारणपणे. हे शब्द इतके साधे आहेत की त्यांच्यामागे काही चित्र असेल असं वाटतच नाही. सतराव्या शतकातल्या खलाशी बोलीत 'बाय द विंड' जाणं म्हणजे समोरून तिरक्या येणाऱ्या वाऱ्यात, जमेल तितकं वाऱ्याच्या तोंडाशी लागून जाणं. 'लार्ज' जाणं म्हणजे मागून येणाऱ्या सोयीच्या वाऱ्यावर मोकळं जाणं. काही जहाजं एकात चांगली, काही दुसऱ्यात. जे दोन्ही वाऱ्यांत ठीक चालतं ते 'बाय अँड लार्ज' चांगलं. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडून दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी येणाऱ्यांना वाऱ्याची अडचण आणि सोय वेगळी शिकवावी लागत नाही.

'टेकन अबॅक' म्हणजे चकित होऊन जागच्या जागी थबकणे. वारा अचानक फिरून शिडांच्या पुढच्या बाजूवर आदळला की शिडं उलटी डोलकाठीवर दाबली जातात, जहाज थांबतं, कधी मागेही रेटलं जातं. एखाद्याच्या बोलण्याने आपण 'सटपटलो' म्हणतो, तेव्हा शरीराचं जे होतं तेच जहाजाचं.

'टाइड ओव्हर' मात्र नीट बघण्यासारखा आहे, कारण त्याचा अर्थ बहुतेकांना येतो आणि चित्र कुणालाच येत नाही. 'कॅन यू लेंड मी टू थाउजंड टु टाइड मी ओव्हर?' पगार होईपर्यंत भागवायला दोन हजार दे. आता चित्र. वारा विरुद्ध आहे, शिडांचा उपयोग नाही. मग भरती-ओहोटीचा प्रवाह आपल्या दिशेने असेल तोवर जहाज त्याच्यावर वाहू द्यायचं. प्रवाह उलटला की नांगर टाकायचा आणि साधारण सहा तास गप्प बसायचं. पुन्हा फिरला की नांगर उचलायचा. असं करत करत, वारा नसतानाही, पुढे सरकायचं. कर्लीच्या किंवा गडनदीच्या खाडीत जुन्या लोकांनी रेती-कौलांची होडकी अशीच नेली. ओहोटीवर बाहेर, भरतीवर आत, आणि उलट्या पाण्यात काठाला लावून विडी. उधार मागणारा माणूस खरं तर एवढंच म्हणतो आहे की पाणी माझ्या बाजूने फिरेपर्यंत मला नांगर टाकून थांबू दे. मला तरी हे 'गरज भागवणे' या अर्थापेक्षा जास्त माणुसकीचं वाटतं. उसने दिलेले परत मिळतात की नाही हा भाग वेगळा.

'बिटर एंड' म्हणजे अगदी शेवटापर्यंत, कितीही त्रास झाला तरी. मुलांना बिटर म्हणजे कडू हे माहीत असतं, त्यामुळे 'कडू शेवट' असं लिहून मोकळी होतात, आणि अर्थ जवळपास जुळतोही. पण जहाजावर नांगराचा दोर बांधायचे जे मजबूत खुंट असतात त्यांना 'बिट्स' म्हणतात, आणि दोराचं त्या खुंटाकडचं टोक म्हणजे 'बिटर एंड'. नांगर खोल खोल जातोय, दोर सोडत गेलो, आणि खुंटाकडचं टोक आलं. आता सोडायला काही उरलं नाही. काही अभ्यासक म्हणतात, नाही, हे बायबलातल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकातून आलं, तिथे शेवट कडूजहर असल्याचं वचन आहे. बहुधा दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले.

'लूज कॅनन' म्हणजे कधी काय बोलेल, काय करेल याचा नेम नसलेला, आणि शत्रूपेक्षा आपल्याच लोकांना जास्त धोक्याचा माणूस. चाकाच्या गाड्यावरची टन-दोन टनांची तोफ, तिचे दोर तुटलेले आणि जहाज लाटांवर हेलकावतंय. एवढं सांगितलं की मुलं स्वतःच गावातली उदाहरणं देऊ लागतात, आणि मला विषय बदलावा लागतो.

'गिव्ह अ वाइड बर्थ' हे ऐकून कोकण रेल्वेतली लोअर बर्थ डोळ्यांसमोर येते. गणपतीच्या दिवसांत तुतारी एक्स्प्रेसला कुणी कुणाला वाइड बर्थ दिलेली मी पाहिलेली नाही. मूळचा 'बर्थ' म्हणजे जहाजाला वळायला, डोलायला लागणारी मोकळी जागा. तिथून तो बंदरात जहाज बांधून ठेवायच्या जागेला लागला, मग जहाजातल्या झोपायच्या फळीला, आणि शेवटी आगगाडीत चढला. 'वाइड बर्थ' देणे म्हणजे चार हात लांब राहणे, जसं तांडेल खडकापासून राहतो.

'बॅटन डाउन द हॅचेस' तर आपण दरवर्षी मेअखेर करतोच. जहाजात वादळाआधी तळाच्या कोठारांची झाकणं ताडपत्रीने झाकून वर लाकडी पट्ट्या ठोकायचे. इथे पडवीला माडाच्या चुडतांचा आडोसा बांधतात, लाकडं-शेणी आत घेतात, आणि १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद म्हणून बोटी ओढून शाकारून ठेवतात. संकट येणार म्हणून आधीच बंदोबस्त करणे, हा अर्थ सांगायला इथे कुणी इंग्रजीचा मास्तर लागत नाही.

मासळीबाजारातून

'पॅक्ड लाइक सार्डिन्स' म्हणजे डब्यातल्या तारल्यांसारखे खच्चून भरलेले, पुन्हा तुतारी. 'स्मेल्स फिशी' म्हणजे काहीतरी काळंबेरं वाटणे. ताजा मासा वासत नाही हे त्यांनाही माहीत असावं. 'अ डिफरंट केटल ऑफ फिश' म्हणजे ते प्रकरणच वेगळं. इथली केटल चहाची नव्हे, मासे शिजवायचं भांडं. 'हुक, लाइन अँड सिंकर' मात्र सध्या फार कामाचा. गरवायला बसलेल्या माणसाला माहीत असतं की शहाणा मासा आमिष कुरतडून निघून जातो. भुकेला गरी गिळतो, आणि महामूर्ख असेल तर गरी, दोरी आणि तिला बांधलेलं शिसं सगळं गिळतो. एखादी थाप पूर्णपणे खरी मानणारा तो असा. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अटक' करणाऱ्याला पैसे पाठवणाऱ्यांनी शिशासकट गिळलं.

'अ स्प्रॅट टु कॅच अ मॅकरेल' म्हणजे पेडवो टाकून बांगडो काढणे. छोटं काही देऊन मोठं काही मिळवणे. होमस्टेवाला पहिल्या दिवशी सोलकढी फुकट देतो ती पेडवो.

'देअर आर प्लेंटी ऑफ फिश इन द सी' असं प्रेमभंग झालेल्याला सांगतात: ही नाही तर दुसरी मिळेल, समुद्रात मासे काय कमी आहेत? रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, चार टोपल्या मिळाल्या तर नशीब, अशा दिवसांत हा दिलासा आमच्या बाजूला फारसा चालत नाही. मोठ्या जाळ्यांचे पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांचं भांडण ज्याच्या घरात पोचलं आहे तो म्हणेल, खंय आसत ते मासे, दाखव.

आणि 'रेड हेरिंग'. अर्थ: मूळ मुद्द्यावरून लक्ष उडवण्यासाठी मधे टाकलेली भलतीच गोष्ट. रहस्यकथेत लेखक निर्दोष माणसावर संशय यावा असं काही पेरतो, ती रेड हेरिंग. हेरिंग हा मासा तांबडा नसतो. मीठ लावून धुरी दिली की तो तांबूस-तपकिरी होतो आणि त्याला जबरदस्त वास सुटतो, आपला खारवलेला बांगडा चुलीवर भाजायला घेतला की चार घरची मांजरं येतात तसा. आता असं सांगतात की शिकारी कुत्र्यांना शिकवण्यासाठी वाटेत हा मासा ओढत न्यायचे. ही गोष्ट जितकी पसरली आहे तितकी पक्की नाही. 'लक्ष उडवणे' हा अर्थ रूढ झाला तो मुख्यतः विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकारामुळे. १८०७ साली त्याने लिहिलं की लहानपणी त्याने सशामागे लागलेल्या कुत्र्यांना असा मासा वापरून भलतीकडे नेलं होतं. आणि लगेच टोला मारला तो वर्तमानपत्रांवर. नेपोलियन हरल्याची खोटी बातमी आली, आणि देशातले खरे प्रश्न सोडून सगळे तिच्या वासामागे धावले. पत्रकाराने स्वतःच्या व्यवसायाला मारलेला हा फटका दोनशे वर्षांनंतरही शिळा झालेला नाही. आपण म्हणतो, विचारलं आंब्याचं, सांगितलं चिंचेचं. ग्रामसभेत कुणी रस्त्याच्या खड्ड्यांचं विचारलं आणि उत्तरात जत्रेच्या मंडपाचा विषय निघाला, तर समजावं की कुणीतरी बांगडा भाजायला ठेवला आहे.

चित्र तेच, अर्थ उलटा

आतापर्यंतचे वाक्प्रचार अनोळखी म्हणून अडतात. ओळखीचे वाटणारे त्याहून वाईट, कारण तिथे आपण विचारायलाच जात नाही.

'पुल समवन्स लेग' घ्या. मराठीत एखाद्याचे पाय ओढणे म्हणजे तो वर चढत असताना खाली खेचणे, मत्सराने. इंग्रजीत म्हणजे नुसती थट्टा करणे. भाचा पहिल्या बोटीवर होता तेव्हा एका वरिष्ठाने त्याची मस्करी केली आणि शेवटी हसून म्हणाला, 'आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग.' आमच्या पोराने दोन आठवडे त्या माणसाशी नीट बोलणं टाकलं. त्याला वाटलं, बघा, पाय ओढतो तो ओढतो आणि वर तोंडावर सांगतो.

'वॉश वन्स हँड्स ऑफ इट' हे दुसरं. मराठीत 'हात धुवून घेणे' म्हणजे संधी साधून फायदा उपटणे, वाहत्या गंगेत हात धुणे. इंग्रजीत याच्या नेमकं उलट: या प्रकरणाशी माझा संबंध नाही, जबाबदारी माझी नाही. मूळ बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. येशूला शिक्षा देताना रोमन सुभेदार पिलात लोकांसमोर हात धुतो आणि म्हणतो, याच्या रक्ताचा दोष माझ्यावर नाही. एक हात धुतो तो मलिदा मिळाला म्हणून, दुसरा नको म्हणून.

'कोल्ड फीट' तर फारच फसवा. आपले भीतीने हातपाय गार पडतात, त्यामुळे अर्थ आला असं वाटतं. पण कुत्रा अंगावर आला म्हणून कुणाला 'कोल्ड फीट' येत नाहीत. आधी ठरवलेली गोष्ट करायची वेळ आली आणि ऐन वेळी धीर सुटला, तेव्हा येतात. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाला, दुबईचं तिकीट काढलेल्याला, पहिल्यांदा उधाणात होडी लोटणाऱ्याला.

गोष्टी गोड, पुरावा नाही

वाक्प्रचारांच्या जन्मकथा मोबाइलवर फार फिरतात आणि जितकी कथा चपखल तितका मी सावध होतो. 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' याची कथा अशी सांगतात की जुन्या इंग्लंडात गवताच्या छपरांत कुत्री-मांजरं झोपायची आणि जोरात पाऊस आला की घसरून खाली पडायची. गवताने शाकारलेलं छप्पर ज्याने पाहिलं आहे त्याने सांगावं, कुत्रा वर चढतो कसा? आणि पावसात भिजायला वरच बसतो का? ही कथा १९९९ च्या सुमारास ईमेलमधून फिरलेल्या एका थापांच्या गाठोड्यातली आहे. कुत्र्या-मांजरांचा पाऊस मात्र जुना, सतराव्या शतकापासून इंग्रजी लिखाणात पडतोय. का, ते कुणी सिद्ध केलेलं नाही. लंडनात वर्षाला साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीला सात हजारांच्या आसपास. त्यांनी कुत्री-मांजरं पाडली तर आपण मुसळं पाडतो, आणि आकडे बघता ते रास्तच आहे. जाता जाता एक: इंग्रजी मातृभाषा असलेली माणसं आज रोजच्या बोलण्यात हे फारसं म्हणत नाहीत. 'इट्स पोअरिंग' म्हणतात. आपल्या मुलांच्या पावसाळ्यावरच्या निबंधात मात्र कुत्री-मांजरं हमखास.

'पॉश' या शब्दाची कथा तर आपल्या समुद्रातून जाते. म्हणे, इंग्लंडहून मुंबईला येताना जहाजाच्या डाव्या बाजूच्या खोल्यांना ऊन कमी आणि परत जाताना उजव्या. म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' यांची चार आद्याक्षरं मारायचे. भूगोल जुळतो, तांबडा समुद्र जुळतो, सगळंच जुळतं. फक्त तसं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यावरच्या इंग्रजीत छानछोक माणसाला 'पॉश' म्हणत, तिथून शब्द आलेला असण्याची शक्यता बरीच जास्त.

आणि 'द होल नाइन यार्ड्स', म्हणजे एकूण एक, सगळंच्या सगळं. यार्ड म्हणजे वार, म्हणजे नऊ वार, म्हणजे आपलं लुगडं! एका विद्यार्थिनीने हे इतक्या आनंदाने सांगितलं की नाही म्हणायला जिवावर आलं. कुणी याचा संबंध विमानातल्या बंदुकीच्या काडतुसांच्या पट्ट्याशी लावतं, कुणी जहाजाच्या शिडांच्या आडव्या काठ्यांशी. पण हा वाक्प्रचार अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, विमानांच्या लढाया सुरू होण्याआधीच सापडतो, आणि १९१२ सालच्या केंटकीतल्या वर्तमानपत्रात तर तो 'होल सिक्स यार्ड्स' असा आहे. म्हणजे आकडा बहुधा कशाच्याही मापाचा नव्हता, बोलता बोलता बदलत होता. मी त्या मुलीला एवढंच म्हटलं, तिकडेही आपल्यासारखीच सहावारी आणि नऊवारी दोन्ही होती.

वापरायचे कसे, याबद्दल माझं मत थोडक्यात. ऐकून कळले पाहिजेत शेकडो, बोलायला दहा-बारा पुरे. जो वाक्प्रचार माणसाच्या तोंडून तीनदा ऐकला नाही तो नोकरीच्या अर्जात लिहू नये. शोकपत्रात 'किक्ड द बकेट' लिहिलं तर ते 'आजोबांनी राम म्हटला' असं होत नाही, 'म्हातारा खपला' असं होतं, आणि हा फरक उजव्या रकान्यात छापलेला नसतो. शब्द आपल्या मनाने बदलू नयेत. आणि नवा वाक्प्रचार भेटला की अर्थाआधी विचारावं, हे कोण म्हणत असेल, कुठे उभा राहून, हातात काय धरून? उत्तर दर वेळी मिळत नाही. मिळालं तर मात्र पाठ करावं लागत नाही.

भाचा दिवाळीत सहा महिने पुरे करून यायचा होता, ते लांबलं. बहिणीने तोवर बरंच इंग्रजी आत्मसात केलं होतं. अंडर द वेदर आलं की काढो करून पी असं उत्तर जायचं. बदली माणूस वेळेत न आल्यामुळे त्याचा आणि त्याच्याबरोबरच्या एका केरळी मुलाचा मुक्काम महिनाभर वाढला. फोनवर तो आईला समजावत होता, की मी एकटाच नाही, त्याचंही तेच झालंय, 'वी आर इन द सेम बोट'.

"एकाच बोटीर असतलास नाय तर काय," बहीण म्हणाली. "वेगळ्या बोटीर कसो असतलो तो?"

माझ्याकडे फोन देऊन ती चुलीकडे गेली. यावेळी मी काही समजावायला गेलो नाही.